शिव्या संपल्यावरचा पान्हा

आमच्या गावात कोणाला हसायची हौस आली की लोकं माह्या घराकडं येतात. हिंगोलीहून वाशिमकडं जाताना कनेरगाव नाक्याच्या अलीकडं आत वळलं की आमचं गाव. गावात शिरून कोणालाबी इचारा, "तो लुगडं नेसून धार काढणारा कुठं राहतो?" बराबर माह्या दारात आणून सोडतील. नाव सांगायची गरजच न्हाई.

ही पदवी मला कशी मिळाली ते म्या आजपस्तोर हसवून हसवूनच सांगत आलो. पारावर सांगतलं, नाक्यावरच्या धाब्यावर सांगतलं, एक बारी वसमतच्या येष्टीत सांगतलं तर कंडक्टर हसण्याच्या नादात एका बाईला तिकीट देयाचंच इसरला. पण दर बारीला म्या अर्ध्यातच थांबतो. लुगड्यापस्तोर सांगतो. लुगड्याच्या पुढचं सांगत न्हाई. पुढं गेलो की घसा दाटून येतो, अन् इनोद करणाऱ्याचा घसा दाटला की लोकं अजूनच हसतात, त्यायला वाटतं हाबी इनोदच हाय. आज पुरं सांगतो.

माय गेली ती सकाळची. धार काढली, चरवी चुलीपाशी ठिवली, "जरा टेकते" म्हणली अन् भिंतीला टेकली. बायकोनं च्या केला, कपात वतला, तिच्याम्होरं ठिवला. च्या गार झाला, त्याच्यावर साय धरली, तवा बायकोला कळलं.

म्या तवा झोपेत व्हतो. हे ध्यानात ठिवा. ह्या गोष्टीत म्या बहुतेक येळ झोपेतच हाय.

मसणवट्यात पोरानं पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन सरणाभवती फिरायचं असतं, अन् फेरे झाले की मडकं मागं सोडून फोडायचं असतं. माहं मडकं पहिल्याच फेऱ्यात फुटलं. ढेकळाला ठेच लागली, मडकं खांद्यावरच खळ्ळकन गेलं, अन् म्या डोक्यापासून पायापस्तोर भिजलो. अन् माह्या तोंडातून निघून गेलं, "जिनगानीभर म्हणली, आंघोळ कर, आंघोळ कर. शेवटी घातलीच बाई तिनं."

एक चुलतभाऊ फस्सकन हसला. त्याचं पाहून दुसरा हसला. एक म्हातारा मातर म्हणला, "सरणापाशी मसकरी करून राहिला. काळीज हाय का धोंडा हाय ह्याला?"

तेरवीपस्तोर माह्या डोळ्यातून टिपूस निघालं न्हाई. भेटायला येणाऱ्या बाया दारातच गळा काढायच्या, अन् म्या त्यायला पाणी देऊ देऊ थकलो. सोताचं पाणी काही येईना. बायको म्हणली, "रडा की जरा. लोकं काय म्हणतील?" म्या म्हणलं, "कांदा दे, रडतो." ती चार दिवस माह्यासंगं बोलली न्हाई.

बा तर कोणासंगंच बोलंना. तो पहिलेपासूनच कमी बोलायचा. आमच्या घरात बोलायचं काम मायकडं व्हतं, ऐकायचं बा कडं, अन् न ऐकायचं माह्याकडं. पण आता तो हूं का चूं करंना. त्याची बाज गोठ्यात, म्हशीच्या दावणीला लागून. माय व्हती तवाबी तो तिथंच निजायचा. बाजेवर बसून म्हशीकडं पाहायचा, म्हैस त्याच्याकडं पाहायची. भाकर अर्धी खायचा. च्या मातर पेयचाच न्हाई. कोरा ठिवला, तोंड फिरवलं. शेजारच्या काकूनं त्यांच्या गाईचं दूध धाडलं, त्याचा केला, त्याच्याकडूनबी तोंड फिरवलं. च्या म्हणजे त्याला मायच्या हातच्या धारंचा, दुसरा च्या त्याला ठावूकच न्हवता.

अन् म्हैस दूध देईना.

आता ह्या म्हशीचं सांगावं लागतं. दिवाळीच्या आदी ती व्याली. वगार झाली, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. धड उभीबी राहिली न्हाई अन् मेली. म्हैस दोन दिवस नुसती हंबरली. तिचं हंबरणं ऐकून गावातली कुत्री गप बसायची. लेकरू समोर नसलं की म्हैस पान्हा सोडत न्हाई, दूध वर चढवून ठिवती. तवा काही लोकं काय करतात, मेलेल्या वासराचं कातडं सोलून घेतात, त्यात भुस्सा भरतात, अन् ते म्हशीम्होरं उभं करतात. म्हैस त्याला चाटती अन् दूध सोडती. म्याबी तेच म्हणलं. म्हणलं, "माय, भुस्सा भरू."

माय म्हणली, "न्हाई. लेकराच्या नावानं मायला फसवायचं न्हाई."

ती दिवसभर म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसली. जेवली बी न्हाई. तिला म्या तशी कधी पाह्यली न्हवती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चरवी भरून दूध आणलं. कसं आणलं, म्हशीला काय सांगतलं, मला तवा ठावूक न्हवतं. म्या तर घोरून राहिलो व्हतो. तवापासून ती म्हैस फकस्त मायची झाली. दुसरं कोणी कासंला हात लावला की लाथ.

माय गेल्यावर पहिल्यानं बायको बसली. चरवी एकीकडं, बायको एकीकडं. मंग म्या बसलो. म्हशीनं माह्याकडं मान वळवून पाह्यलं, जसं काही म्हणून राहिली, हे ध्यान कोणी धाडलं? अन् असं ढकललं की म्या शेणाच्या ढिगात बसता झालो. शेण ताजं व्हतं म्हणून लागलं न्हाई. काकू आली. काकू म्हणजे भिंतीपलीकडची, मायची जिवाची मैतरीण, गावातल्या कैक म्हशी तिच्या हाताखालून गेल्या. तिलाबी म्हैस बधली न्हाई. कोणी म्हणलं इंजेक्शन टोचा. बा नं नुसता हात हलवला, न्हाई म्हणून.

कास दगडावाणी झाली, मंग हळूहळू उतरत गेली. नाक्यावरचा बेपारी येऊन पाहून गेला. त्यानं सड चाचपले, तोंड वाकडं केलं.

"आटून राहिली बरं का," तो म्हणला. "भाकड म्हैस दावणीला बांधून काय पूजा करता? उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतो."

भाकड म्हैस बेपाऱ्याच्या टेम्पोत चढली की पुढं कुठं जाती हे सगळ्यांला ठावूक असतं अन् कोणी इचारत न्हाई. म्या बा कडं पाह्यलं. बा म्हशीच्या पाठीकडं पाहून राहिला व्हता. म्या म्हणलं, "ये मंग उद्या."

बेपारी गेल्यावर बा उठला. इतक्या दिवसात पहिल्यानं सोताहून उठला. ढेप भिजवली, कडबा तोडला, म्हशीम्होरं टाकला, अन् तिच्या मानंवर हात ठिवून उभाच राहिला. मला मायची आठवण आली. वगार मेली त्या दिवशी मायबी अशीच. म्या मनात म्हणलं, बाई, ही म्हैस गेली तर माहा बा गेला. तो टेम्पोत चढणार न्हाई यवढाच फरक.

काकू भिंतीवरून पाहून राहिली व्हती. ती म्हणली, "ए धोंड्या." हे माहं नाव न्हाई, ही तिची मायेची हाक हाय. "मायचं लुगडं नेसून बस की सकाळी."

गडी माणसानं लुगडं नेसून धार काढायची ही आमच्याकडं काही नवलाई न्हाई. बायको माहेरी गेली, बाळंतीण झाली, की चांगले मिशीवाले गडी बायकोचं लुगडं डोक्यावरून घेऊन म्हशीखाली बसतात. जनावराला वास लागतो, रूप लागतं. पण मायचे कपडे आमी तेरवीला देऊन टाकले व्हते. म्या म्हणलं, "काकू, लुगडं कुठंय?"

"अरे, गोठ्यातलं हाय ना खुटीला. ते कोण नेतंय?"

खरंच व्हतं. गोठ्यात खुटीला मायचं धारंचं लुगडं लटकून राहिलं व्हतं. हिरवं असंल कवातरी. शेणानं, दुधानं, धुरानं त्याचा रंग असा झालता की त्याला रंगच म्हणता येईना. कोणाला देयाची लाज वाटावी असं, म्हणून राहून गेलं. म्या ते खुटीवरून काढलं अन् सहज नाकाला लावलं. अन् बाई, माय! सगळी माय. मिश्री, शेण, चुलीचा धूर, तिच्या गळ्याचा घाम. माणूस जळून राख झालं, राख पाण्यात सोडली, अन् वास इथं खुटीला. म्या ते झटकन खाली केलं. चोरी केल्यावाणी वाटलं.

सकाळी फटफटायच्या आदी बायकोनं मला लुगडं नेसवलं. ती कितीक दिवसानं हसली.

"पोट आत घ्या."

"आतच हाय."

"मंग बाहेर काय हाय?"

काकू भिंतीवर हाजर. "पदर पुढं घे रे, मिशी झाक. म्हैस भेईल."

म्या म्हणलं, "काकू, मायला फसवायचं न्हाई म्हणून माय वगारीत भुस्सा भरू देईना. अन् आज तिच्याच लुगड्यात भुस्सा भरून राहिलो."

काकू म्हणली, "तुह्यात नवा कायला भरायचा? पहिलाच गच्च हाय."

म्या चरवी घेतली अन् गोठ्यात शिरलो. बा बाजेवर निजला व्हता, भिंतीकडं तोंड करून. अंधारात म्हैस नुसतीच काळी, तिचे डोळे तवढे चमकून राहिले. म्या तिच्या बाजूला उकिडवा बसलो. तिनं नाक आणलं. पदराला लावलं, मानंला लावलं, पाठीला लावलं. गरम वाफ सोडली. अन् सांगतो, लाथ मारली न्हाई. म्या कासंला हात लावला, तरी उभी. कान टवकारून उभी. सड वढले, वढले, वढले. थेंब न्हाई. पण ती हलंना. माह्याकडं मान वळवून नुसती उभी. मला वाटलं, ही वाट पाहून राहिली. कायतरी बाकी हाय. लुगडं आलं, माय आली, पण कायतरी झालं न्हाई अजून.

म्या बायकोला हळूच हाक मारली. ती चुलीपाशी व्हती. "माय काय करायची गं धार काढताना? गाणं म्हणायची का?"

"गाणं कायचं," ती म्हणली. "तुमच्या नावानं शिव्या देयच्या."

"माह्या?"

"मंग कोणाच्या? रोज. म्हशीला सांगायच्या. मी चूल पेटवता पेटवता ऐकायची. 'बाई, काय सांगू तुला', हिथून सुरू व्हायचं."

मला काही वाईट वाटलं न्हाई. खरं सांगतो, बरंच वाटलं. ह्या कामाला माह्यापेक्षा लायक माणूस सगळ्या हिंगोली जिल्ह्यात सापडला नसता. सोताला शिव्या घालायचं तर माहं रोजचंच काम. म्या पदर ओढला, मायवाणी आवाज बारीक केला, अन् सुरू केलं.

"बाई, काय सांगू तुला. हे माहं पोरगं! साळंत घातलं तर दिवसभर चिचंच्या झाडावर बसायचं, अन् घंटा झाली की पाटी घेऊन घरी. मास्तरला वाटे पोरगं आजारी हाय, अन् मला वाटे शिकून राहिलं."

म्हशीचे कान हलले.

"डोंगरकडा गावाला केळीच्या गाड्या भरायला धाडला. गाडी भरायच्या आदी पोट भरलं, अन् दवाखान्यात टाकावा लागला. सोताच्या लग्नात दुसऱ्याच्याच वरातीम्होरं नाचत गेला, अन् नवरी मांडवात हार धरून उभी!"

"अन् जेवलाबी तिथंच!" चुलीपासून बायको वरडली.

"अन् जेवलाबी तिथंच," म्या म्हणलं. म्हशीनं रवंथ सुरू केलं. तिचं अंग सैल पडलं, मला मांडीला कळलं. म्या अजून जोरात आलो. "हळद शिजवायला कढईपाशी बसवला, तर जाळ घालता घालता झोपला, अन् वर्साच्या हळदीचं पिठलं करून ठिवलं!"

"पिठलं न्हाई."

चुलीपाशी बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. भिंतीवरून काकूनं मान पुढं काढली. बा बोलला व्हता. भिंतीकडं तोंड करूनच, गोधडीतून.

"पिठलं न्हाई म्हणायची ती," बा म्हणला. आवाज असा की लई दिवसानं दार उघडल्यावाणी. "लापशी म्हणायची. हळदीची लापशी केली म्हणायची."

म्या म्हणलं, "बरं. हळदीची लापशी करून ठिवली." अन् सड वढले. थेंब न्हाई. म्या तोंडात येतील तवढ्या सगळ्या घातल्या. शेतातल्या घातल्या, बाजारातल्या घातल्या, मसणवट्यातलं मडकंबी घातलं. म्हैस खुशाल रवंथ करून राहिली, पण दूध वरच्या वर.

बा उठून बसला. बाजंची करकर झाली.

"शिव्यावर न्हाई सोडत ती," बा म्हणला. "शिव्या संपल्यावर सोडती."

"संपल्यावर? संपल्यावर काय?"

"संपल्यावर तुही माय म्हणायची ना."

"काय म्हणायची?"

अंधारात त्याचं तोंड मला दिसत न्हवतं. मंग तो म्हणला, "गुणाचं हाय माहं लेकरू. असं म्हणायची. रोज. सगळं बोलून झालं की शेवटी हळूच हे म्हणायची. मंग म्हैस पान्हा सोडायची."

तुमाला काय सांगू. म्या म्हशीखाली उकिडवा, अंगावर मायचं लुगडं, हातात सड. रोज! म्या पोटात व्हतो तवापासूनच्या तिच्या गोष्टी मला ठावूक. तिची बोलणी मला पाठ. तोंडावर तिनं मला कधी चांगलं म्हणलं न्हाई. "मेल्या, ऊठ" ह्यानं दिवस सुरू व्हायचा, अन् "मेल्या, निज" ह्यानं संपायचा. अन् रोज सकाळी, म्या पलीकडं तोंड वासून घोरत असताना, चार पावलावर माह्यासाठी हे बोललं जात व्हतं. ह्या म्हशीच्या आदी दुसरी म्हैस व्हती, तिच्या आदी गाय व्हती. त्यायनंबी ऐकलं. बा नं ऐकलं. गोठ्यातल्या चिमण्यायनं ऐकलं. ज्याच्यासाठी व्हतं तो तवढा झोपला व्हता.

"म्हण की," बा म्हणला.

म्या तोंड उघडलं. "गुणाचं..." पुढं येईना. म्या पुन्हा केलं. "गुणाचं हा..." न्हाई. सोताला गाढव म्हणायला लावा, कुत्रा म्हणायला लावा, दिवसभर म्हणतो, वर पैसेबी मागत न्हाई. हे येईना.

"मला येत न्हाई बा," म्या म्हणलं.

"तू कुठं म्हणून राहिला?" बा म्हणला. "तुही माय म्हणून राहिली. तिला म्हणू दे."

म्या पदर नाकापस्तोर ओढला. वास आला. मिश्री, धूर, घाम. डोळे मिटले. म्या म्हणलो का कोण म्हणलं मला सांगता येत न्हाई, पण मायच्या आवाजात, म्या काढलेल्या बारीक आवाजात न्हाई, तिच्या खऱ्या, जरा बसलेल्या आवाजात गोठ्यात बोल उमटला, "गुणाचं हाय माहं लेकरू."

म्हशीनं एक लांब सुस्कारा सोडला. माह्या बोटायला आदी कळलं. कास भरून आली, जसं कोरड्या नालीत मोटारीचं पाणी येतं, वरून, दुरून, अंग फुगवत. अन् चरवीच्या बुडाला धार वाजली. चर्रर्र. मंग दुसरी. मंग दोन्ही हातानं, चर्र चर्र चर्र. अन् म्हशीनं मान वळवून माहं डोकं चाटलं. पदरावरून, काटेरी जिभंनं, पुढून मागं, जसं वगारीला चाटलं असतं तिनं, वगार जगली असती तर.

तवा माहं पाणी निघालं. मसणवट्यात न्हाई, तेरवीला न्हाई, कांद्यानं न्हाई. तिथं. नाक पुसायला हात मोकळा न्हाई, दोन्ही हात धारंत. नाकातलं, डोळ्यातलं सगळं पदरात. म्या रडून राहिलो अन् दूध येऊन राहिलं, अन् कोणती धार कोणाची हे मला समजंना.

बाजेवरून आवाज आला, "तुलाच लखलाभ."

म्या मान वर केली.

"ती म्हणायची गुणाचं हाय," बा म्हणला, "अन् मी म्हणायचो तुलाच लखलाभ. रोज. मंग ती हसायची." अन् मंग त्याच्याबी तोंडातून आवाज निघाला. हसणं हाय का रडणं हाय, म्या पाहायला गेलो न्हाई. भिंतीपलीकडं काकूनं जोरात नाक शिंकरलं अन् निघून गेली. बाई जिनगानीत पहिल्यानं काही न बोलता गेली.

ऊन पडलं तवा टेम्पो आला. म्या लुगडं सोडलं न्हवतं, चरवी हातात घेऊन दारात उभा. बेपारी मला पाहून खाली मान घालून म्हणला, "मालक हायेत का घरात, वहिनी?"

म्या पदर मागं सारला. त्याचा जबडा खाली आला. तीच गोष्ट त्यानं मंग नाक्यावर नेली, तिथून ती गावोगाव गेली, अन् त्या दिवसापासून मला ही पदवी हाय. बा माह्या मागून बाहेर आला. बेपाऱ्याला यवढंच म्हणला, "म्हैस देयाची न्हाई."

च्या झाला. बा नं कप दोन्ही हातात धरला, फुंकर मारली, पेला. बायको पदर तोंडाला लावून आत गेली. म्या त्याच्याम्होरं खाली बसलो, लुगड्यातच. मला एक इचारायचं व्हतं अन् हसून इचारावं म्हणलं तर हसू येईना.

"बा," म्या म्हणलं, "काहून म्हणायची ती गुणाचं? म्या काय केलं? साळा न्हाई, धंदा न्हाई, हळदीची लापशी. गुण कोणता दिसला तिला?"

बा नं कप खाली ठिवला. माह्याकडं असं पाह्यलं जसं मला यवढं साधं कळू नये.

"तुह्या आदीचे दोन राहिले न्हाईत," तो म्हणला. "एक पाळण्यात गेलं. एक धड रडलंबी न्हाई. तू राहिलास."

"यवढंच?"

"यवढंच. आता यवढंच म्हणजे?" त्यानं कप पुन्हा उचलला. "वगार मेली तवा म्हशीला तिनं हेच सांगतलं. म्हणली, बाई, माहे बी गेले. पण एक राहिलं हाय. ते लई वाह्यात हाय, तुला त्याच्या गोष्टी सांगते. अन् लागली सांगायला."

माह्या आदी दोन झाले व्हते हे मला ठावूक व्हतं. नुसतं ठावूक व्हतं, गावची लोकसंख्या ठावूक असती तसं. मला वाटायचं मायच्या लेखी म्या म्हणजे डोक्याचा ताप. अन् म्या सकाळी उठून आळस देयचो, तवढं पाहून तिचा दिवस सुफळ व्हायचा. म्या झाडावर बसलो तरी जिता व्हतो. केळी खाऊन दवाखान्यात पडलो तरी जिता व्हतो. तिच्या सगळ्या शिव्या म्या आता मनात पुन्हा ऐकल्या, तर एकेकीच्या मागं तेच ऐकू आलं: हे बी केलं त्यानं, हे बी केलं, राहिला म्हणूनच केलं. म्हशीला हे कळत व्हतं. बोली तिची न्हाई, जात आपली न्हाई, तरी तिनं आवाजातून बराबर वळखलं की शिव्या संपल्या अन् आता खरं सुरू झालं. अन् म्या, दोन कानाचा माणूस, तिच्या पोटचा!

आता रोज म्याच धार काढतो. लुगडं खुटीला असतं, धुवायचं नाव काढू देत न्हाई. अंधारात उठतो, हे ऐकून गावाला अजून खरं वाटत न्हाई. शिव्यांची काही तकलीफ न्हाई, दिवसभरात म्या नवीन कायतरी करून ठिवतोच. म्हैस ऐकती, रवंथ करती. चुलीपासून बायको इसरलेलं आठवून देती.

ते शेवटचं मातर अजून अडकतं. रोज अडकतं. म्हैस कान टवकारून थांबती, तिला कायची घाई न्हाई.

घाई बा ला असती. बाजेवरून त्याचा आवाज येतो, "म्हण की बाई लवकर. च्याला उशीर व्हऊन राहिला."